छडीवाचून शिस्त

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची प्राथमिक शाळा डोळ्यांपुढे आणली, तर त्या चित्रात एक वस्तू हटकून दिसते. ती म्हणजे पंतोजींच्या हातातील छडी. पाढा चुकला की छडी, उशीर झाला की छडी, शेजाऱ्याशी बोलले की छडी. याखेरीज अंगठे धरून उभे राहणे, उठाबशा काढणे, कान पिळून घेणे हे प्रकार तर नित्याचेच होते. माराच्या धाकाने विद्या येते आणि धाक नसेल तर मूल बिघडते, अशी त्या काळी बहुतेकांची समजूत होती. पालक स्वतःच मुलाला शाळेत पोहोचवून त्याला चांगला चोप देण्याची मोकळीक गुरुजींना देत. वर्गात शांतता असे, यात शंका नाही. परंतु गुरुजींची पाठ वळली की ती शांतता क्षणात नाहीशी होई. कारण ती मुलांच्या मनात रुजलेली नसे, ती छडीच्या टोकाशी बांधलेली असे.

ही समजूत चुकीची आहे, हे ज्यांनी नुसते सांगितले नाही तर आयुष्यभर प्रत्यक्ष शाळा चालवून दाखवून दिले, अशा थोर शिक्षणतज्ज्ञांमध्ये ताराबाई मोडक यांचे नाव अग्रभागी आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी झाला. त्यांचे माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव हे प्रार्थना समाजाचे निष्ठावंत कार्यकर्ते होते. त्यांनी उमाबाई या विधवा स्त्रीशी विवाह केला होता. विधवेने पुन्हा विवाह करणे हे त्या काळी मोठे पाप समजले जाई आणि असा विवाह करणाऱ्या कुटुंबाला नातलगांचा व समाजाचा रोष सहन करावा लागे. आपल्याला जे योग्य वाटते ते लोकनिंदेला न भिता आचरणात आणावे, हा धडा ताराबाईंना पुस्तकातून शिकावा लागला नाही. तो त्यांच्या घरातच होता.

ज्या काळात बहुसंख्य मुलींना अक्षरओळखही होत नसे, त्या काळात ताराबाई महाविद्यालयात गेल्या आणि १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला व त्या वऱ्हाडात राहावयास गेल्या. परंतु त्यांना संसारसुख फार काळ लाभले नाही. पतीपासून दूर होऊन एका लहान मुलीची जबाबदारी घेऊन त्यांना स्वतःच्या पायांवर उभे राहावे लागले. अशा प्रसंगी एखादी व्यक्ती खचून गेली असती. ताराबाईंनी मात्र सौराष्ट्रातील राजकोट येथे शिक्षिका तयार करणाऱ्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्यपदाची धुरा स्वीकारली. भारतीय स्त्रीला असे पद मिळणे ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती. मान होता, पगार चांगला होता, पुढील वाट निर्वेध होती.

याच सुमारास राजकोटपासून फार दूर नसलेल्या भावनगर शहरात एक आगळा प्रयोग चालू होता. तेथे दक्षिणामूर्ती नावाची शिक्षणसंस्था होती. गिजुभाई बधेका या गृहस्थांनी वकिली सोडून तेथे लहान मुलांच्या शिक्षणाचे कार्य हाती घेतले होते आणि १९२० साली एक बालमंदिर सुरू केले होते. गिजुभाईंवर इटलीतील विदुषी मारिया माँटेसरी यांच्या विचारांचा प्रभाव होता. माँटेसरीबाई पेशाने डॉक्टर होत्या. त्यांनी १९०७ साली रोम शहरातील एका गरीब वस्तीत बालगृह उघडले होते. दिवसभर मोकाट भटकणारी, भिंती खराब करणारी मुले त्यांच्या हाती आली. त्यांना योग्य काम, योग्य साधने आणि काम निवडण्याची मोकळीक मिळताच ती मुले आपण होऊन शांत व एकाग्र होतात, असे त्यांना आढळून आले. या अनुभवावर त्यांनी एक नवी शिक्षणपद्धती उभारली.

ताराबाईंना या पद्धतीची ओळख झाली आणि त्यांचे मन तिने वेधून घेतले. मोठ्या वयाच्या शिक्षिकांना व्याख्याने देण्यापेक्षा शिक्षणाच्या मुळाशी जावे, आणि ते मूळ म्हणजे लहान मूल, असे त्यांना वाटू लागले. १९२३ साली राजकोटचे पद सोडून त्या भावनगरला गिजुभाईंच्या कार्यात सहभागी झाल्या. पुढील नऊ वर्षे त्या तेथे होत्या.

भावनगरच्या बालमंदिरात छडी नव्हती. इतकेच नव्हे, तर परीक्षा नव्हती, क्रमांक नव्हते आणि बक्षिसेही नव्हती. हे ऐकून पुष्कळ लोक चकित होत. शिक्षा नाही हे एक वेळ समजू शकेल, पण बक्षीसही का नसावे, असा प्रश्न त्यांना पडे. त्याचे उत्तर सोपे होते. शिक्षेच्या भीतीने वागणारे मूल शिक्षा चुकवण्याची युक्ती शोधते. बक्षिसाच्या आशेने वागणारे मूल बक्षीस बंद होताच ते वागणे सोडते. शिवाय एकाला बक्षीस मिळाले म्हणजे उरलेल्या सर्वांना आपण कमी आहोत असे वाटू लागते. चांगले काम केल्याचा जो आनंद मनाला होतो, तोच खरा मोबदला होय, हे मुलाला लहानपणीच उमगावे, अशी या शिक्षकांची दृष्टी होती.

मग अशा शाळेत गोंधळ होत नसे काय? होई; विशेषतः नवी मुले आली म्हणजे होई. स्वातंत्र्य देणे म्हणजे मुलांना मोकाट सोडणे नव्हे, हे ताराबाई जाणून होत्या. बालमंदिरात नियम होते. पण ते थोडे होते, स्पष्ट होते आणि मोठ्या माणसांनाही लागू होते. प्रत्येक मुलाला आवडीचे काम निवडता येई, मात्र दुसऱ्याच्या कामात व्यत्यय आणता येत नसे. घेतलेली वस्तू काम संपल्यावर होती त्या जागी ठेवावी लागे. एका प्रकारचे साधन एकच असे. म्हणून ते एकाच्या हाती असेल, तर दुसऱ्याला त्याचे काम पुरे होईपर्यंत थांबावे लागे. थांबणे शिकवण्यासाठी वेगळा उपदेश करावा लागत नसे. जागेवर ठेवलेली वस्तू दुसऱ्या दिवशी लगेच सापडते आणि आज आपण थांबलो तर उद्या आपल्यासाठी दुसरा थांबतो, हे मुलाला रोजच्या अनुभवातून कळे.

हे नियम फळ्यावर लिहून पाठ करवून घेतले जात नसत. लहान मुलाला नियमाच्या शब्दांपेक्षा कृती लवकर समजते. खुर्ची आवाज न करता कशी उचलावी, दार हळू कसे लावावे, तांब्यातील पाणी न सांडता पेल्यात कसे ओतावे, सतरंजी कशी गुंडाळावी, या गोष्टी शिक्षक स्वतः सावकाश करून दाखवत. मग मुले त्या करून पाहत. पाणी सांडले तर ओरडा बसत नसे. फडके कोठे आहे ते दाखवले जाई आणि मूल स्वतःच ती जागा पुसून काढी. ज्याच्या हातून सांडले त्यानेच पुसावे, यात अपमान नव्हता. ते केवळ कामाचा पुढचा भाग होते. ओरडणाऱ्या शिक्षकाला वर्गात शांतता मागण्याचा अधिकार उरत नाही. म्हणून तेथील शिक्षक स्वतः हळू बोलत.

या शाळांत शांतीचा एक खेळ असे. सर्व मुलांनी ताठ व स्वस्थ बसायचे, हातापायांची हालचाल करायची नाही, श्वासही हलकेच घ्यायचा. मग हळूहळू एरवी कानांवर न येणारे आवाज ऐकू येऊ लागत : झाडाच्या पानांची सळसळ, दूर कोठे तरी बोलणारा पक्षी, रस्त्यावरील गाडीच्या चाकांचा खडखडाट. शेवटी शिक्षक कुजबुजल्यासारख्या स्वरात एकेका मुलाचे नाव घेत आणि ज्याचे नाव ऐकू येई ते मूल पावलांचा आवाज न करता उठून जाई. गप्प बसण्याची आज्ञा देऊन मिळणारी शांतता आणि आपण होऊन मिळवलेली ही शांतता, या दोहोंत केवढे अंतर आहे !

मात्र हा खेळही जादूची कांडी नव्हता. गिजुभाईंनी ‘दिवास्वप्न’ नावाचे एक पुस्तक लिहिले आहे. त्यातील ध्येयवादी शिक्षक पहिल्याच दिवशी चौथीच्या वर्गात शांतीचा खेळ घेऊ पाहतो आणि वर्गात एकच गदारोळ उडतो. फजीत झालेला तो शिक्षक दुसऱ्या दिवशी गोष्ट सांगू लागतो, तेव्हा तोच वर्ग तन्मय होऊन ऐकतो. आधी मुलांचा विश्वास आणि मग मुलांकडून अपेक्षा, हा क्रम उलटवता येत नाही, हे त्यातून दिसते. ताराबाईंच्या पुढील आयुष्यात या क्रमाची फार मोठी कसोटी लागायची होती.

१९२६ साली गिजुभाई व ताराबाई यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. १९३२ नंतर ताराबाई मुंबईत आल्या. त्यांनी ‘शिक्षणपत्रिका’ मराठीतून चालवली आणि १९३६ साली दादर येथे शिशुविहार ही संस्था उभी केली. तेथे बालमंदिराबरोबर शिक्षक घडवणारे अध्यापन मंदिरही होते. मूल हट्ट का करते, खोटे का बोलते, वस्तू का फेकते, यांवर त्या सातत्याने लिहीत. ‘बालविकास व शिस्त’ या नावाचे त्यांचे एक पुस्तकच आहे. मुलाचे प्रत्येक वाईट वागणे हे दुष्टपणाचे लक्षण नसते. त्यामागे भूक असते, थकवा असतो, रिकामपण असते किंवा कोणी आपल्याकडे पाहावे ही तळमळ असते. ते कारण शोधल्याशिवाय शिक्षा करणे म्हणजे रोग न ओळखता औषध देणे होय, हा विचार त्यांनी मराठी पालकांपुढे पुन्हा पुन्हा मांडला. १९३९ साली गिजुभाईंचे निधन झाले आणि या कार्याचा फार मोठा भार एकट्या ताराबाईंच्या खांद्यांवर आला.

शहरातील बालमंदिरे चांगली चालली होती. पण ती कोणासाठी होती? तेथे येणारी मुले प्रायः सुखवस्तू घरांतील असत. माँटेसरी पद्धतीची साधने महाग होती. खेड्यातील आणि रानातील मुलांना या शिक्षणाचा लाभ कधी व्हायचा, हा प्रश्न ताराबाईंना अस्वस्थ करू लागला. अखेर १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी मुंबईतील जम बसलेले कार्य मागे ठेवून समुद्रकाठचे बोर्डी हे गाव गाठले आणि तेथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. बोर्डी हे डहाणू तालुक्यातील गाव. तो तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ सालापासून तो पालघर जिल्ह्यात आहे. या कामी त्यांना अनुताई वाघ या शिक्षिकेची साथ मिळाली. अनुताईंना बालपणीच वैधव्य आले होते. त्यांनी शिकून खेड्यांतील व पुण्यातील शाळांत अध्यापन केले होते. ताराबाईंची कल्पकता आणि अनुताईंची चिकाटी यांचा संगम होऊन एक मोठे कार्य उभे राहिले.

डहाणूच्या परिसरात वारली व इतर आदिवासी लोकांची दाट वस्ती आहे. त्या काळी त्यांची स्थिती अत्यंत हलाखीची होती. लग्नासाठी घेतलेल्या लहानशा कर्जापायी माणूस जन्मभर सावकाराचा बांधील गडी होऊन राही. जमीनदाराच्या शेतावर वेठीने राबावे लागे आणि नकार दिला तर मार पडे. ताराबाई बोर्डीला आल्या त्याच १९४५ साली वारल्यांनी या वेठबिगारीविरुद्ध गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली लढा पुकारला. यावरून त्यांच्या दुःखाची कल्पना येईल. ज्या मुलांनी आपल्या आईबापांना मार खाताना पाहिले, त्या मुलांना पांढऱ्या कपड्यांतील परक्या माणसाचे भय वाटावे, यात नवल ते काय !

बोर्डीची बालवाडी सुरू झाली. गावातील मुले येऊ लागली; पण गावाबाहेरच्या पाड्यांवरील मुले काही केल्या येईनात. कोणाला अंगावर घालायला धड कपडा नव्हता, कोणाला धाकट्या भावंडाला सांभाळायचे होते, कोणी भीतीने घराबाहेर पडत नव्हते. मुले अज्ञानी आहेत, पालक निष्काळजी आहेत, असे म्हणून स्वस्थ बसणे सोपे होते. ताराबाईंनी निराळाच विचार केला. मुले शाळेत येत नसतील, तर शाळेने मुलांकडे गेले पाहिजे. शिक्षिका पाड्यावर जाऊ लागल्या आणि झोपड्यांपुढील अंगणातच गाणी, गोष्टी व खेळ सुरू झाले. अंगणात भरणारी म्हणून तिचे नाव पडले अंगणवाडी.

अंगणात भरणाऱ्या या शाळेला भिंती नव्हत्या, दार नव्हते. जे मूल कंटाळेल ते क्षणात उठून निघून जाणार. तेथे धाक दाखवून शिस्त लावणे शक्यच नव्हते. छडी उगारली असती, तर दुसऱ्या दिवशी अंगण रिकामे दिसले असते आणि सावकार व शिक्षक यांत काही अंतर नाही, अशी त्या पाड्याची कायमची खूणगाठ बसली असती. म्हणून मुलांनी थांबावे असे वाटत असेल, तर त्यांना थांबावेसे वाटेल असेच काही तेथे असावे लागे.

पहिली अपेक्षा स्वच्छतेची होती. पण अस्वच्छ मुलाला हिणवून कोणी स्वच्छ होत नाही. पाड्यावर पाणी दुरून आणावे लागे, साबण परवडत नसे. हे ध्यानी घेऊन शिक्षिका स्वतः मुलांना आंघोळ घालीत, त्यांची नखे कापीत, केस विंचरीत. स्वच्छ अंगाचे सुख मुलाने एकदा अनुभवले की मग ते आपण होऊन हात पुढे करू लागे. जे मुलाला अजून येत नाही ते मागण्यापूर्वी ते त्याला द्यावे लागते, ही गोष्ट त्या अंगणात स्पष्ट झाली.

दुसरी अडचण साधनांची. परदेशी पद्धतीची महागडी साधने पाड्यावर कोठून आणणार? ताराबाईंनी ती रानातून व समुद्रकाठावरून मिळवली. शिंपले, गोटे, बिया, पाने, फुले, माती, बांबूच्या कांड्या यांवरून मुले मोजायला, रंग ओळखायला, लहानमोठे पारखायला शिकू लागली. या वस्तू मुलांच्या ओळखीच्या होत्या. वारल्यांची गाणी, त्यांचे नाच आणि भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेली त्यांची सुंदर चित्रे यांनाही शाळेत मान मिळाला. आपल्या घरची भाषा व आपल्या घरचे गाणे जेथे हसण्यावारी नेले जात नाही, तेथे मुलाची मान ताठ राहते आणि ताठ मानेचे मूलच दुसऱ्याचा मान राखायला शिकते.

थोडी मोठी मुले दिवसभर गुरे राखीत. त्यांना शाळेच्या वेळा पाळता येणे अशक्य होते. अशा मुलांना गैरहजेरीबद्दल दोष देण्यात अर्थ नव्हता. गुरे सोडून ती आली असती तर घरची भाकर बंद झाली असती. म्हणून शिक्षक कुरणावर जाऊ लागले. गुरे चरत असताना झाडाच्या सावलीत वर्ग भरे. ही कुरणशाळा होय. वेळ पाळणे हा सद्गुण खरा, परंतु नियम करणाऱ्याने आधी पाहावे की तो पाळणे मुलाच्या हाती आहे की नाही, हा विवेक या कुरणशाळेच्या मुळाशी होता.

१९५७ साली हे कार्य बोर्डीहून जवळच्या कोसबाड येथील टेकडीवर नेण्यात आले. आदिवासी पाडे तेथून जवळ होते. तेथे ताराबाईंनी विकासवाडीची योजना प्रत्यक्षात आणली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा या तिन्ही एकाच आवारात असाव्यात, अशी ही योजना होती. तिच्यामागे साधे निरीक्षण होते. आठ-दहा वर्षांची मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटा भाऊ असतो. त्या भावाला पाळणाघरात ठेवता आले, मधल्या बहिणीला बालवाडीत बसवता आले, तर ही मुलगी निश्चिंत मनाने आपल्या वर्गात बसू शकेल. वर्गात तिचे लक्ष लागावे असे वाटत असेल, तर तिच्या कडेवरचे ओझे आधी उतरवावे लागेल. वर वर पाहता जो प्रश्न शिस्तीचा वाटतो, तो पुष्कळदा दुसऱ्याच कशाचा तरी असतो, हे ताराबाईंनी असे उलगडून दाखवले.

कोसबाडला बालसेविका व शिक्षिका यांच्या प्रशिक्षणाचे कामही चाले. मुलांकडून ज्या वागणुकीची अपेक्षा करायची ती आधी आपल्या अंगी बाणवायची, हा त्या शिक्षणाचा गाभा होता. वेळेवर येणे, मुलाशी नम्रपणे बोलणे, दिलेला शब्द पाळणे, आज एक व उद्या दुसरे असे न सांगणे, चारचौघांत मुलाचा पाणउतारा न करणे, या साध्या गोष्टी आहेत. पण त्या रोज, न कंटाळता, चाळीस मुलांच्या कोलाहलात पाळणे ही मोठी तपश्चर्या आहे. छडी मारण्यास क्षणही लागत नाही. मुलाच्या मनात शिस्त रुजण्यास महिने लागतात. ताराबाईंची निवड मात्र कधी बदलली नाही.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना ‘पद्मभूषण’ हा किताब देऊन त्यांच्या कार्याचा गौरव केला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागे अनुताई वाघ यांनी कोसबाडचे कार्य त्याच निष्ठेने सांभाळले व वाढवले. १९९२ साली अनुताईही निवर्तल्या.

ताराबाईंच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, भारत सरकारने लहान बालकांच्या पोषणाची व शिक्षणाची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. तिच्या केंद्रांना देशभर अंगणवाडी हेच नाव मिळाले. वारली पाड्यावरच्या अंगणात जन्मलेला शब्द अशा रीतीने गावोगाव पोहोचला. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला चंद्रपूर व गडचिरोली हे घनदाट वनांचे जिल्हे आहेत. तेथील गोंड व माडिया वस्त्यांतील बालकेही आता अंगणवाडीत जातात. त्या भागातील भामरागडजवळ हेमलकसा येथे बाबा आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला तो १९७३ च्या डिसेंबरात, म्हणजे ताराबाईंच्या निधनानंतर चारच महिन्यांनी. १९७६ साली तेथे माडिया मुलांसाठी शाळा निघाली.

या वनप्रदेशातील शिक्षकापुढे आजही ताराबाईंपुढचेच प्रश्न उभे राहतात. उन्हाळ्याच्या तोंडावर मोहाची फुले गळू लागली की घरातील सर्व माणसे पहाटेच ती वेचायला रानात जातात आणि मुलेही टोपली घेऊन त्यांच्यामागे निघतात. पुढे तेंदूपानांचा हंगाम येतो. वर्ग ओस पडतात. पहिलीत आलेल्या मुलाच्या घरी गोंडी किंवा माडिया बोलली जाते. शाळेतील मराठी त्याच्या कानांना परकी असते. शिक्षकाने दिलेली सूचना त्याने पाळली नाही, तर ते उद्धट आहे असे समजावे की त्याला सूचना समजलीच नाही हे ओळखावे? अंगणवाडीचे नाव पुढे नेणे सोपे आहे. त्या नावामागची दृष्टी पुढे नेण्यासाठी या प्रश्नाचे उत्तर रोज नव्याने शोधावे लागते.

२००९ साली संसदेने बालकांच्या सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा कायदा केला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. त्या कायद्याने शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास व मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. भावनगरच्या बालमंदिरातून छडी नाहीशी झाली त्याला तेव्हा नव्वद वर्षे होत आली होती. कायदा शिक्षकाच्या हातातील छडी काढून घेऊ शकतो. तिच्या जागी काय ठेवावे, ते कायदा सांगू शकत नाही. ते ताराबाईंनी सांगितले आहे, आणि ते आचरणे शिक्षकांइतकेच मुलांच्याही हाती आहे. वर्गात गुरुजी नसताना जे मूल आपली वही शांतपणे पुरी करते, खाली पडलेला कागद कोणी न सांगता उचलते, बोलणाऱ्याचे बोलणे पुरे होईपर्यंत थांबते, त्या मुलाला छडीची गरज कधीच नव्हती. अशी मुले घडावीत, याचसाठी ताराबाईंनी राजकोटचे पद सोडले, मुंबईचे कार्य मागे ठेवले आणि उतारवयात त्या पाड्यांवरील अंगणांत जाऊन बसल्या.